वेंगुर्ल्याचे खडक आणि लगामी सुरय : एका सागरी पक्ष्याच्या नोंदींचा इतिहास

१. प्रस्तावना

कोकणच्या इतिहासलेखनात समुद्र येतो तो प्रामुख्याने बंदरे, गलबते, जलदुर्ग, जकात आणि परकीय वखारी यांच्या निमित्ताने. समुद्रावर अवलंबून असणाऱ्या माणसांचा इतिहास मराठीत बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. समुद्रावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांचा मात्र फारसा नाही. पक्ष्यांचा विचार बहुधा प्राणिशास्त्राच्या कक्षेत होतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध येत नाही. परंतु पक्ष्याविषयीचे ज्ञान हे केव्हातरी, कोणीतरी, कोणत्यातरी साधनाने आणि कोणत्यातरी प्रयोजनाने मिळविलेले असते. त्या अर्थाने प्रत्येक पक्ष्याच्या ज्ञानाला इतिहास असतो, आणि तो इतिहास तपासल्याशिवाय त्या ज्ञानाचे मोलही ठरविता येत नाही.

प्रस्तुत निबंधात लगामी सुरय या उष्णकटिबंधीय सागरी पक्ष्याचा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या खडकांवरील त्याच्या वसाहतीचा विचार केला आहे. हा पक्षी येथे केव्हा आणि कसा नोंदला गेला, या नोंदी विशिष्ट वर्षीच व विशिष्ट महिन्यांतच का झाल्या, आणि या नोंदींच्या आधारे आज कोणता निष्कर्ष काढणे योग्य व कोणता अयोग्य, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. या पक्ष्याचा येथील लिखित इतिहास हा वस्तुतः माणसांच्या भेटींचा इतिहास आहे आणि त्या भेटींचे वेळापत्रक मोसमी पावसाने ठरविलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. पक्ष्याची ओळख

पुणे परिसरातील अभ्यासकांना सुरय हा पक्षी अपरिचित नाही. भिगवणजवळ उजनी जलाशयावर पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय पाण्यावरून संथपणे उडत जाताना दिसतो. लगामी सुरय हा याच कुळातील; परंतु त्याचे जीवन सर्वस्वी समुद्रावरचे. तो लांबीने सुमारे ३० ते ३२ सें.मी. असतो. पाठ व पंख करड्या-तपकिरी रंगाचे, पोटाकडील भाग पांढरा, डोक्यावर काळी टोपी. कपाळ पांढरे असून त्या पांढऱ्या रंगाची एक अरुंद पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, आणि तिच्याखाली चोचीपासून डोळ्यातून जाणारी काळी रेघ घोड्याच्या लगामासारखी दिसते. त्यावरून त्याचे नाव पडले. याच्याशी ज्याची गल्लत होते तो काळपट सुरय पाठीवर अधिक काळा असतो व त्याच्या कपाळावरील पांढरा भाग डोळ्यापाशीच संपतो.

अन्न मिळविण्याची त्याची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. इतर अनेक सुरय पाण्यात सूर मारतात. लगामी सुरय बहुधा पृष्ठभागाला चोच लावून लहान मासे व इतर जीव उचलतो. किनाऱ्यापासून दूर, तरंगत्या ओंडक्यांवर अथवा शेवाळाच्या पुंजक्यांवर विसावलेला तो खलाशांना दिसतो. जमिनीशी त्याचा संबंध येतो तो केवळ विणीपुरता. त्या वेळी तो खडकाळ बेटांवर वसाहत करतो. मादी एकच अंडे घालते आणि तेही उघड्यावर नव्हे, तर कपारीत, मोठ्या दगडाखाली किंवा झुडपाच्या आडोशाला. अंडे उबण्यास साधारण २८ ते ३० दिवस लागतात आणि पिल्लू उडू लागण्यास त्यानंतर सुमारे दोन महिने. वर्षाला एक अंडे आणि तीन महिन्यांचे संगोपन असा हा हिशेब आहे. अशा पक्ष्याच्या वसाहतीची झालेली हानी झपाट्याने भरून निघत नाही, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवे.

३. नामकरणातील एक धडा

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावाचा इतिहास उद्‌बोधक आहे. फ्रेंच प्रवासी व निसर्गशास्त्रज्ञ पिएर सोनेरा याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात फिलिपाइन्समधील पनाय बेटावरील एका समुद्रपक्ष्याचे वर्णन केले. इटलीतील पाव्हिया येथील जोव्हानी आंतोनियो स्कोपोली याने त्या वर्णनाच्या आधारे १७८६ साली पक्ष्याला लॅटिन नाव दिले. त्यातील ‘ॲनेथेटस’ हा शब्द ‘संवेदनाहीन’, ‘मंद’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अपभ्रंश मानला जातो. म्हणजे नावात एक अवमान आणि एक लेखनदोष अशा दोन्ही गोष्टी कायम झाल्या. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांमुळे तो दोष आजही तसाच ठेवावा लागतो.

हा पक्षी एकटाच अशा नावाचा धनी नाही. याच समुद्रात वावरणाऱ्या तपकिरी नॉडीच्या लॅटिन नावातही मूर्खपणाचा निर्देश आहे. ज्या बेटांवर माणूस किंवा मांसाहारी सस्तन प्राणी नव्हते, तेथे वीण करणाऱ्या पक्ष्यांना माणसाची भीती नव्हती. अंड्यावर बसलेला पक्षी जवळ जाऊनही उठत नसे. जहाजावरील माणसांनी या निर्भयतेला मूर्खपणा म्हटले आणि शास्त्राने तो शब्द स्वीकारला. पक्ष्याच्या स्वभावाचे वर्णन म्हणून जे नोंदले गेले, ते प्रत्यक्षात माणसाशी झालेल्या त्याच्या पहिल्या गाठीचे वर्णन होते. नोंद वाचताना नोंद करणाऱ्याची जागा पाहिली पाहिजे, हा इतिहासशास्त्रातील प्राथमिक नियम येथेही लागू पडतो.

पुढे १८३२ साली वागलर याने या गटासाठी ‘ऑनिकोप्रिऑन’ ही प्रजाती सुचविली होती. ती दीर्घकाळ मागे पडली आणि सर्व सुरयांचा समावेश ‘स्टर्ना’ या एकाच प्रजातीत होत राहिला. २००५ साली सुरयांच्या जनुकीय संबंधांचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर जुने नाव पुन्हा प्रचारात आले. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या नोंदी जुन्या व नव्या ग्रंथांत दोन वेगळ्या नावांखाली सापडतात.

४. स्थळ : वेंगुर्ल्याचे खडक

वेंगुर्ले बंदरापासून सुमारे ९ मैल, म्हणजे १४ कि.मी. अंतरावर वायव्येकडे समुद्रात खडकाळ बेटांची एक रांग आहे. दक्षिणोत्तर सुमारे ३ मैल पसरलेल्या या समूहाला नकाशांत ‘वेंगुर्ला रॉक्स’ व ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे ‘जळकी बेटे’, अशी नावे आहेत. त्यातील एका बेटाला बंदारा म्हणतात. बेटांना कडे व गुहा आहेत, वसती नाही, आणि खडकांवर दीपगृह आहे.

दर्यावर्दींना हे खडक फार पूर्वीपासून परिचित असावेत. इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणच्या दक्षिणेकडील किनाऱ्याचे वर्णन करताना ‘सेसेक्रिएनाय’ नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. १९१२ साली त्या ग्रंथाचे भाषांतर करणाऱ्या विल्फ्रेड शॉफ याने ही बेटे म्हणजे बहुधा वेंगुर्ल्याचे खडक असावेत, असे मत मांडले. हे स्थाननिश्चितीचे अनुमान आहे. तरी किनाऱ्यालगत जाणाऱ्या जहाजाला हा समूह धोक्याची खूण म्हणून ओळखावाच लागे, यात शंका नाही. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. या सर्व काळात खडकांशेजारून असंख्य जहाजे गेली. पण चुकवावयाचा धोका म्हणून पाहिलेल्या ठिकाणी कोणी उतरत नाही आणि न उतरता वसाहतीची नोंद होत नाही.

५. ह्यूमची भेट, १८७५

पक्षिशास्त्राच्या दृष्टीने या खडकांचा इतिहास ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याच्यापाशी ठळक होतो. पुण्याच्या वाचकांना ह्यूम वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते. शहरात पटकीची साथ आल्याने ते मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. त्या सभेचा हा प्रमुख प्रवर्तक त्याआधीची अनेक वर्षे हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू होता. १८७२ मध्ये त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले. १८८५ साली त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात सुमारे ८० हजार नमुने होते.

१८७५ च्या फेब्रुवारीत ह्यूम लक्षद्वीपच्या सफरीवर निघाला. या सफरीत त्याने पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटांचीही पाहणी केली. त्यांत वेंगुर्ल्याचे खडक होते. सफरीचा दीर्घ वृत्तान्त १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’च्या चौथ्या खंडात आला. किनाऱ्यावरील सागरी पक्ष्यांचा एवढा सलग विचार करणारे ते पहिल्या काही लेखनांपैकी एक होय आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि ‘फेब्रुवारी’ हा शब्द येथे निर्णायक आहे. जहाजाला खडकांजवळ थांबणे व लहान होडीने उतरणे सुरक्षित वाटावे असा समुद्र हिवाळ्यातच असतो. उलट लगामी सुरयांची येथील वीण पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. फेब्रुवारीत येणाऱ्या निरीक्षकाला भरलेली वसाहत दिसणे शक्य नव्हते; फार तर मागील हंगामाच्या खुणा दिसणार. ह्यूमसारखा अभ्यासू माणूसदेखील शासकीय जहाजाच्या आणि ऋतूच्या वेळापत्रकाने बांधलेला होता. पक्षी आणि निरीक्षक एकाच ठिकाणी आले, पण वेगवेगळ्या महिन्यांत.

६. ज्याला किंमत, त्याची नोंद

याच खडकांच्या गुहांत आणखी एक पक्षी वीण करतो : आपल्या लाळेने घरटे बांधणारी भारतीय पाकोळी. लाळेच्या घरट्यांना पूर्व आशियाच्या बाजारात फार मोठी किंमत येते. या पाकोळीची आणि सुरयाची कागदोपत्री नोंद शेजारी ठेवून पाहिली असता एक तफावत दिसते.

टी. सी. जर्डन याच्या १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात पाकोळीच्या विणीची स्थाने सांगताना वेंगुर्ल्याच्या खडकांचा उल्लेख आहे. म्हणजे ह्यूम येथे येण्याच्या दहाएक वर्षे आधीच पाकोळीचे हे ठिकाण ग्रंथात आले होते. त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात काम केलेला सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल याने १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली सूची प्रसिद्ध केली, त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयीचा दहावा खंड निघाला. महसूल आणि पक्षिशास्त्र ही दोन क्षेत्रे त्या काळी किती जवळ होती, हे यावरून ध्यानात येते. एकच अधिकारी दिवसा जमाबंदी पाही आणि फावल्या वेळात पक्षी टिपून ठेवी.

पाकोळीला बाजारभाव असल्यामुळे ती व्यापाऱ्याच्या, अंमलदाराच्या आणि चोराच्याही नजरेत राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या घरट्यांची चोरी होत असल्याचे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने उजेडात आणले व संरक्षणाचे काम हाती घेतले. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील अनिल महाबळ व इला फाउंडेशनचे सतीश पांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनीही या पाकोळीच्या स्थितीचा अभ्यास केला. सुरयाच्या घरट्याला अशी किंमत नाही. मुळात तो घरटे बांधतच नाही. त्यामुळे सरकारी दप्तरात त्याला जागा मिळण्याचे कारण नव्हते. त्याची नोंद झाली ती केवळ जिज्ञासूंच्या हातून. अभिलेखागारातील मौन हे अनेकदा घटनेच्या अभावाचे नसून आर्थिक हितसंबंधाच्या अभावाचे असते, हे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही तेच सत्य आहे.

७. अब्दुलअलींपासून आजपर्यंत

मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली आणि १८८६ पासून तिचे जर्नल निघू लागले. वेंगुर्ल्याच्या खडकांवरील सुरय व पाकोळ्या यांच्याविषयी हुमायून अब्दुलअली यांचे दोन लेख याच जर्नलमध्ये १९४० व १९४२ साली प्रसिद्ध झाले. अब्दुलअली (१९१४–२००१) हे पुढे मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यामागील एक प्रमुख प्रेरक म्हणून ओळखले गेले. त्यांच्या लेखांमुळे या खडकांचे स्थान सागरी पक्ष्यांच्या वसाहतीचे ठिकाण म्हणून पक्के झाले. सालिम अली व डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात सुरयांचा समावेश असलेला तिसरा खंड १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यात विणीचे ठिकाण म्हणून वेंगुर्ल्याच्या खडकांचा निर्देश येतो.

ह्यूमचा वृत्तान्त आणि अब्दुलअलींचा पहिला लेख यांत ६४ वर्षांचे अंतर आहे. अब्दुलअलींनंतर गोव्यात वास्तव्य करून पक्ष्यांचा अभ्यास करणारे हाइन्झ लायनर यांनी या खडकांचा पुन्हा एकदा वेध घेतला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे सुमारे ६० वर्षांनी. दरम्यान २००३ साली सतीश पांडे, सलील तांबे, क्लेमंट फ्रान्सिस व निरंजन संत यांचा पश्चिम घाट, कोकण व मलबार येथील पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्रातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत बंदारा बेटाचा समावेश झाला. याच काळात १८१२ साली इंग्रजांकडे आलेले हे बंदर आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा चार प्रशासकीय चौकटींतून गेले. पक्ष्यांच्या दृष्टीने या सीमांना अर्थ नाही. नोंदींच्या दृष्टीने मात्र आहे, कारण चौकट बदलली की कागद कोणी जपावयाचे हेही बदलते.

अशा तुटक नोंदी वाचताना एक मोह टाळावा लागतो. एका लेखात उल्लेख आहे व पुढच्या काही दशकांत नाही, म्हणून त्या काळात पक्षी नव्हते असा अर्थ कोणी काढील. अथवा एका भेटीत थोडे व दुसऱ्या भेटीत पुष्कळ दिसले, म्हणून संख्या वाढली असे कोणी म्हणेल. दोन्ही अनुमाने चुकीच्या पायावर उभी असतील. भेट कोणत्या महिन्यात झाली, निरीक्षक किती वेळ बेटावर होता, कोणत्या बेटावर उतरता आले आणि कपारीत दडलेली अंडी पाहता आली की केवळ उडणारे पक्षी मोजले, हे समजल्याखेरीज दोन नोंदींची तुलना होऊ शकत नाही.

८. पावसाळ्याचे कुलूप

आता विणीच्या वेळापत्रकाकडे वळू. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर लगामी सुरयांची वीण वर्षातून एकदाच विशिष्ट महिन्यात होत नाही. ती बारा महिन्यांहून कमी अंतराने, साधारणतः सात-आठ महिन्यांनी होते, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ए. डब्ल्यू. डायमंड यांच्या अभ्यासात दाखविले आहे. विषुववृत्ताजवळ ऋतूंमधील फरक कमी असल्याने पक्ष्याला पंचांगाचे बंधन नाही. वेंगुर्ले जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि येथे समुद्राचे वर्ष मोसमी वाऱ्यांनी दोन भागांत कापलेले आहे. येथे हाच पक्षी ऋतूशी बांधला जातो.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः दक्षिणेकडे, खोल थरांतील पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यामागोमाग लहान मासे येतात. पिल्लांना सर्वाधिक अन्न लागते तो काळ या समृद्धीशी जुळत असावा, हे अनुमान सयुक्तिक आहे. जो समुद्र माणसाला बंद वाटतो, तोच या पक्ष्यासाठी अन्नाने भरलेला असतो.

याचा दुसरा परिणाम ऐतिहासिक आहे. यंत्रचलित बोटी येण्यापूर्वी कोकणातील मचवे व होड्या मृगाच्या आधी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात लोटल्या जात. या दोन-अडीच महिन्यांत खडकांकडे कोणी जात नसे. माणसाने ठरवून न केलेले हे संरक्षण होते. कोणत्याही कायद्याविना, कोणत्याही पहारेकऱ्याविना, पावसाळ्याने वसाहतीला कुलूप घातले होते. ज्या कारणाने पक्ष्याची नोंद झाली नाही, त्याच कारणाने तो वाचला, असेही म्हणता येईल.

मात्र हे कुलूप पुरते बसत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात घातलेले अंडे जुलैच्या आरंभी उबते आणि पिल्लू उडू लागते ते सप्टेंबरच्या आरंभी. अंडे उशिरा पडले तर ही मुदत आणखी पुढे जाते. पश्चिम किनाऱ्यावरील यंत्रचलित मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. जलक्रीडा व प्रवासी होड्या साधारणपणे मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात. म्हणजे मासेमारी पुन्हा सुरू होते तेव्हा पिल्लू जेमतेम महिन्याचे असते, आणि पर्यटकांच्या होड्या निघतात तेव्हा उशिराच्या पिल्लांना अजून उडता येत नसते. मानवी वेळापत्रक आणि पक्ष्याचे वेळापत्रक यांत काही आठवड्यांची फट उरते. प्रश्न त्या फटीचा आहे.

९. वर्तमानाचा संदर्भ

ही फट पूर्वी फारशी महत्त्वाची नव्हती, कारण हौसेने या खडकांवर जाणारे लोक थोडे होते. आता स्थिती बदलत आहे. १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य २९ चौ. कि.मी.हून किंचित अधिक क्षेत्राचे असून त्याचा केंद्रबिंदू सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर आहे. वेंगुर्ल्याचे खडक त्याच्या बाहेर राहतात. २०२५ साली नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज निवतीच्या खडकांच्या परिसरात समुद्रतळाशी ठेवून सागरतळ पर्यटन विकसित करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. किनाऱ्यावरील तरुणांना रोजगार देणाऱ्या अशा प्रकल्पांना सरसकट विरोध करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. कोकणातील गावांना मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगावे लागले, हा इतिहास विसरून पर्यावरणाची चर्चा करणे न्याय्य होणार नाही.

परंतु जगभरच्या सागरी बेटांचा अनुभव काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो. होडीतून बेटावर उतरलेला एखादा उंदीर जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्यांची वसाहत काही वर्षांत उद्ध्वस्त करू शकतो. माणसाच्या वावराने उठलेल्या पक्ष्याचे अंडे उन्हात तापते अथवा घारी-कावळ्यांच्या तोंडी पडते. रात्रीचा प्रखर प्रकाश समुद्रपक्ष्यांना भुलवितो. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या आणि पहिल्या विणीपूर्वी काही वर्षे समुद्रावर काढणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत या हानीचे परिणाम लगेच दिसतही नाहीत. प्रौढ पक्षी दरवर्षी परत येत राहतात, आकाश भरलेले दिसते, आणि नवी पिढी तयार होत नसल्याचे फार उशिरा लक्षात येते.

येथेच इतिहासाच्या शिस्तीचा उपयोग आहे. प्रकल्पापूर्वीच्या पाहण्या सामान्यतः समुद्र शांत असताना, म्हणजे ऑक्टोबर ते मे या काळात करणे सोयीचे असते. त्या महिन्यांत खडकांवर उतरलेला तज्ज्ञ प्रामाणिकपणे लिहील की, विणीची वसाहत आढळली नाही. तो १८७५ च्या फेब्रुवारीची पुनरावृत्ती करील. फरक इतकाच की ह्यूमच्या वृत्तान्तावर कोणताही निर्णय अवलंबून नव्हता. आजच्या अहवालावर असू शकतो.

१०. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, वेंगुर्ल्याच्या खडकांवरील लगामी सुरयाच्या प्रमुख नोंदी १८७० च्या दशकात, १९४० च्या सुमारास आणि २००० नंतर अशा दूरदूरच्या टप्प्यांवर झाल्या. मधल्या काळातील रिक्तता पक्ष्याची नसून निरीक्षकाची आहे. दुसरा, या नोंदींचे स्वरूप मोसमी पाऊस, जहाजांची उपलब्धता आणि आर्थिक हितसंबंध या तीन घटकांनी ठरविले. पाकोळीची नोंद आधी व अधिक झाली, कारण तिला किंमत होती. तिसरा, पावसाळ्याने आजवर केलेले नैसर्गिक संरक्षण ऑगस्ट-सप्टेंबरच्या आठवड्यांत अपुरे पडण्याचा संभव आहे आणि पर्यटनाच्या वाढीबरोबर तो संभव वाढतो.

यातून दोन व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. या खडकांवरील कोणतीही पाहणी ग्राह्य मानताना तिच्या तारखेला प्रथम महत्त्व द्यावे, आणि विणीच्या हंगामाबाहेरील पाहणी ही अनुपस्थितीचा पुरावा म्हणून स्वीकारू नये. तसेच खडकांच्या लगत जाणाऱ्या व उतरणाऱ्या होड्यांसाठीची बंदी पिल्ले उडून जाईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत, वाढवावी. ही वाढ केवळ या बेटांपुरती असल्याने मच्छीमारांच्या उत्पन्नावर तिचा मोठा भार पडणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या महाविद्यालयांच्या कक्षेतील आहे. दीपगृहावर काम केलेले कर्मचारी, वेंगुर्ले, निवती व मालवणचे वयोवृद्ध नाखवे यांच्या स्मरणात या पक्ष्यांच्या येण्याजाण्याची माहिती आहे. कोणत्या नक्षत्राला पक्षी येतात, केव्हा दिसेनासे होतात, कोणत्या बेटावर उतरता येते हे त्यांना ग्रंथावाचून ठाऊक असते. इतिहास व प्राणिशास्त्र या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ही मौखिक माहिती तारीखवार लिहून घेतली, तर १८७५ पासूनच्या तुटक नोंदींमधील काही दुवे जुळतील. पक्ष्याला ज्यांनी ‘मंद’ म्हटले, ते त्याच्या बेटावर काही तास होते. जे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहिले, त्यांचे म्हणणे अजून लिहून घ्यावयाचे आहे.